जीव राखण्याचे सरकारी उपाय

मी कारागृहात महिला शिपाई होते. आता निवृत्त होऊन बोरगाव मेघेत राहते, सकाळी म्हाताऱ्या आईला विहारात नेते आणि दुपारी पेपर वाचून चिडते. ज्या कारागृहात हे घडलं त्याचं नाव लिहीत नाही. खुणाही थोड्या इकडच्या तिकडं केल्या आहेत. नाव कळून फारसा उपयोगही नाही. भिंती, नोंदवह्या आणि साहेब सगळीकडं सारखेच असतात.

त्या उन्हाळ्यात पुरुषांच्या बाजूला एका कच्च्या कैद्यानं जीव दिला. आत येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता. त्याचा खटला उभासुद्धा राहायचा होता. माझ्या कानावर एवढंच आलं, की दोन दिवस तो भाकरी परत पाठवत होता, आणि वाढणाऱ्यानं 'नखरे करून राह्यला' म्हणून ताट उचलून नेलं होतं. चौकशी झाली. त्या दिवशी नोंदवहीत सही कोणाची होती, यावर चौकशीचा सगळा वेळ गेला. भाकरी परत का येत होती हे कोणी विचारलं नाही. भाकरीची नोंदवही नसते.

मग वरून आदेश आला की प्रतिबंधक उपाय करा. आमच्याकडं उपाय करायचे म्हणजे आधी काहीतरी जमा करायचं, मग काहीतरी भिंतीवर लावायचं आणि शेवटी कोणालातरी भाषणाला बोलवायचं. आम्ही तिन्ही केलं.

बायकांच्या बराकीतून आरसे, पिना, काचेच्या बांगड्या, परकरांचे नाडे, सगळं पोत्यात भरलं. भरणारी मीच. तीन दिवस बायका एका हातानं परकर धरून दुसऱ्या हातानं ताट घेत होत्या. एक जण मला म्हणाली, "बाई, आता जीव द्याची गरजच नाई, लाजंनंच मरतो आमी." चौथ्या दिवशी कुठूनतरी इलॅस्टिक आलं. वस्तू काढून घेणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. हाताशी साधन नसलं की तो वाईट क्षण टळतो, आणि टळलेला क्षण पुष्कळदा परत येत नाही. पण पोतं बांधून कुलपात ठेवलं आणि साहेबांनी हात झटकले, जणू दुःखच त्या पोत्यात भरून ठेवलं होतं.

भिंतीवर सूर्यफुलाचं मोठं चित्र लागलं, खाली 'जीवन सुंदर आहे'. रंग दिलेली भिंत एकच होती, संडासाच्या वाटेवरची, म्हणून ते तिथं लागलं.

भाषणाला शहरातून एक वक्ते आले. त्यांच्यासाठी साहेबांच्या खोलीतला कूलर आणून ठेवला, भाषण संपल्याबरोबर तो परत गेला. वक्ते गोरेपान, हसरे. बायका घामानं निथळत बसलेल्या. ते म्हणाले, "रोज सकाळी उठल्यावर आरशासमोर उभ्या राहा आणि स्वतःला सांगा, मी आनंदी आहे." आरसे आदल्याच आठवड्यात पोत्यात गेले होते. मागं बसलेली एक बाई फिसकन हसली, तिला मी डोळ्यांनी दटावलं. वक्त्यांना वाटलं, लोक खुलले.

हसणारी ती बाई आमच्याकडची जुनी गिऱ्हाईक होती. आमचा जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे इथं दारू मिळते पण विकणारी बाई आत येते. ती मोहाची दारू गाळायची. पकडली जायची, महिना-दोन महिने राहायची, सुटायची, पुन्हा यायची. नव्या आलेल्या बाईला पहिल्या दिवशी पाणी कुठं, संडास कुठला वापरायचा, कोणाच्या तोंडाला लागायचं नाही, हे सगळं तीच सांगायची. पगार आम्हाला मिळायचा, काम ती करायची.

एक उपाय सांगायचा राहिला. एक फॉर्म आला. प्रत्येक बंदीला विचारून भरायचा. झोप लागते का, भूक लागते का, जीव नकोसा वाटतो का. पुढं 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. चौतीस बायका, चौतीस फॉर्म, संध्याकाळपर्यंत द्यायचे. मी लिंबाच्या सावलीत बसले आणि सगळ्यांच्या पुढं 'नाही'वर खूण केली. एकीलाही विचारलं नाही. दीड तासात काम आटोपलं, वर साहेबांनी शाबासकी दिली. दुसऱ्यांवर हसते आहे म्हणून हेही लिहून ठेवते.

त्या चौतिसांत एक पन्नाशीची बाई होती. आर्वीकडच्या एका खेड्यातली, नीटनेटकी, घरचं शेत असलेली. तिच्या सुनेनं जीव दिला होता आणि तिच्या त्रासानंच दिला, असा सुनेच्या माहेरच्यांचा आरोप होता. मुलगाही पकडलेला, तो पुरुषांच्या बाजूला. नवरा अंथरुणाला खिळलेला. सुनेची चार वर्षांची मुलगी आजोळी गेली होती.

बराकीत अशा बाईला सुख नसतं. चोरणारी, दारू गाळणारी, नवऱ्याला कुऱ्हाड मारणारी, सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या सुना असतात. तिला कोपऱ्यातली, नाल्याजवळची जागा मिळाली. तिच्या ताटात आमटीचं वरचं पाणी पडायचं. मी पाहत होते आणि पाहून न पाहिल्यासारखं करत होते. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटत होतं. मीही सून होते.

तिचा जामीन अर्ज फेटाळला गेला. कोर्टातून आली तेव्हा ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. बाकीच्या करतात. ती मात्र शांत झाली. पहिला महिनाभर ती तारीख विचारायची, वकील विचारायची, मुलाला भेटू द्या म्हणायची. ते सगळं थांबलं. माझ्या बरोबरीची शिपाई म्हणाली, "चला, बुढी लायनीवर आली." आमच्या खात्यात माणूस बोलायचा थांबला की त्याला लायनीवर आला म्हणतात.

चार-पाच दिवसांनी दारूवाली माझ्याजवळ आली. हातात नवी साबणाची वडी.

"बाई, हे पाहा. त्या बुढीनं देल्ली मले."

"मंग घे ना. तुले फुकट भेटली."

"तिनं तेल त्या नव्या पोरीले देल्लं. चांगलं लुगडं घडी करून उशाशी ठेवलं, अन् म्हणे कोणाले लागलं तं घेजा." ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी वर्गातली ढ पोरगी आहे. "जिले उद्या आंघोळ कराची असते, थे साबण वाटत नाई, बाई."

मला एकदम फॉर्म आठवला. 'नाही'वरची माझी खूण.

मी साहेबांकडं गेले. साहेब कूलरसमोर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "फॉर्ममध्ये काय आहे?"

"नाही."

"कोणी भरला?"

"मी."

"मग तुम्हीच ठरवा बाई, तुमचं खरं की तुमच्या फॉर्मचं."

ते पुढं म्हणाले, "एवढंच वाटत असेल तर एकटीला ठेवा. बाजूची खोली रिकामी आहे. बाहेरून कुलूप, प्रश्न मिटला."

"नाही साहेब. एकटी ठेवली तर दिवसभर तिच्याशी बोलायला तिचंच मन उरेल. तिला चारजणींतच ठेवू द्या, आणि इस्पितळात मनाच्या डॉक्टरांकडं पाठवा."

"असं असेल तर लेखी द्या."

'लेखी द्या' म्हणजे आमच्याकडं 'गप्प बसा'. कोणी लेखी देत नाही, कारण दिलं की ते आपल्याच गळ्यात येतं. मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. या बंदीच्या जिवाला धोका वाटतो, फॉर्म मी न विचारता भरला होता, तो चुकीचा आहे. खाली सही, तारीख, वेळ, आणि पोच मागितली. साहेबांचा चेहरा उतरला. आता कागद झाला होता. उद्या काही झालं असतं तर तो बोलला असता. बाईसाठी न हललेलं कार्यालय कागदासाठी अर्ध्या तासात हललं. इस्पितळाला पत्र गेलं. तिला घेऊन जायला पोलीस मात्र तीन दिवसांनी मिळाले, कारण ते कुठल्याशा दौऱ्याच्या बंदोबस्तात होते. तीन दिवस तिला कसं जपायचं, याचा कुठं आदेश नव्हता.

तिच्याशी बोलणं मला भाग होतं. नोकरीला लागताना आम्हाला सांगितलं होतं, असं थेट विचारायचं नसतं; विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरतो. इतकी वर्षं मी ते मानलं. मानायला सोपं होतं, विचारावं लागत नव्हतं ना.

दुपारी नळाजवळ ती एकटी बसली होती. मी तिच्या शेजारी खाली बसले. खाकी घालून कैद्याशेजारी जमिनीवर बसायचं नसतं, तेही त्या दिवशी झालं.

"खरं सांगा," मी म्हटलं. "जीव द्यायचं मनात येते का?"

तिनं मान वर केली नाही. नळ टिपटिप गळत होता. मग ती म्हणाली, "येते."

"जामीन नाई भेटला म्हणून?"

"नाई. त्याच्या आंधीपासून." ती बोटानं ओल्या मातीवर रेघा ओढत होती. "मी तिले म्हणलं होतं."

"कोणाले? काय?"

"सुनंले. भाजीत मीठ जास्त पडलंतं. मर एकदाची म्हणलं, आमी तरी सुटतो." तिनं तळव्यानं रेघा पुसून टाकल्या. "रोजच म्हणो मी. त्या दिवशी तिनं आयकलं."

मला तिची दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला तिची चीड आली. आणि लगेच, त्याच क्षणी, सकाळची आठवण झाली. पाण्याच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्या एकीला मी म्हटलं होतं, "मर तिकडं." रोज म्हणत होते. आमच्यातल्या सगळ्याच म्हणत होत्या. चौतीस बायकांना दिवसातून दहा वेळा मरायला सांगायचं आणि वर भिंतीवर सूर्यफूल लावायचं.

मी तिला समजावलं नाही. तुमची चूक नाही असं म्हटलं नाही. ते कोर्ट ठरवेल, आणि तिलाही ते पटलं नसतं. मी एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी माही ड्युटी हाय. मी येतवर तुमी काई करणार नाई, एवढं सांगा."

"उद्याचं सांगतो," ती म्हणाली. "परवाचं नाई सांगत."

"परवाचं उद्या इचारतो."

दारूवालीला मी बोलावलं. मला काही सांगावंच लागलं नाही. तिनं त्याच संध्याकाळी बुढीचं अंथरूण नाल्याजवळून उचलून आपल्या शेजारी आणलं आणि दुसऱ्या बाजूला त्या तेल मिळालेल्या नव्या पोरीला टाकलं. पोरगी कुरकुरली, "हिच्याजवळ? सून खाल्ली हिनं." दारूवाली म्हणाली, "अन् तू कोणती देवळातून आली? झोप गुपचाप." दिवसा बुढीला तिनं डाळ निवडायला बसवलं, आणि निवडलेल्या डाळीत मुद्दाम खडे टाकून पुन्हा निवडायला लावलं. मला हे फार उशिरा कळलं.

तिसऱ्या दिवशी बुढीला इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना दाराबाहेर उभं केलं आणि तिच्याशी पाऊण तास बोलल्या. औषधं दिली, दर आठवड्याला आणा म्हणाल्या. जाता जाता मला विचारलं, "हिला भेटायला कोण येतं?"

कोणीच येत नव्हतं. एक मुलगी होती, गिरडला दिलेली. तिचा फोन नंबर पडताळणीसाठी पोलिसांकडं गेला होता आणि पडताळणी दीड महिना एका टेबलावर पडून होती. नंबर पास झाल्याशिवाय बंदीला घरी फोन करता येत नाही. मी कार्यालयातल्या बाबूला विचारलं तर तो म्हणाला, "प्रक्रियेत आहे." हा शब्द काढणाऱ्या माणसाला एकदा नाल्याजवळ झोपवलं पाहिजे.

सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं गिरडला गेले. बंदीच्या नातेवाइकाला परस्पर भेटणं नियमात बसत नाही, हे मला पाठ होतं. दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी मुलीचं चादरी-अगरबत्तीचं छोटं दुकान होतं. मी कोण ते सांगितलं तशी तिनं दुकानातल्या गिऱ्हाइकाला हातानंच वाटेला लावलं.

"माय मेली तरी मले सांगाले येऊ नका," ती म्हणाली.

"मेल्यावर सांगाले दुसरे येतीन," मी म्हटलं. "मी जित्तेपणी सांगाले आली."

ती एकदम रडत, ओरडत बोलायला लागली. सून तिची शाळेतली मैत्रीण होती. ते स्थळ तिनंच आणलं होतं. मैत्रीण फोनवर सांगायची, तुही माय असं बोलते, तसं बोलते, आणि ही म्हणायची, बोलू दे, मनानं चांगली हाय.

"मले इचारा मी कशी झोपतो," ती म्हणाली. "अन् तुमी मले तिले भेटाले सांगता? काय बोलू मी तिच्यासंग?"

"हेच. आता मले सांगतलं तेच तिले येऊन सांगा. तिले दुसरं कोणी बोलत नाई."

"मी नाई येत."

मी मुलाखतीचा, म्हणजे कैद्याला भेटण्याचा, वार आणि वेळ तिच्या दुकानातल्या पुठ्ठ्यावर लिहिली, कोणती ओळखपत्रं लागतात तेही लिहिलं, आणि परतीची गाडी धरली. येईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं.

ती आली. त्याच आठवड्यात नाही, पुढच्या. जाळीच्या या बाजूला आई, त्या बाजूला मुलगी. बसल्याबरोबर मुलीनं सुरू केलं. वीस मिनिटांची मुलाखत, त्यातली सतरा ती आईला घालून पाडून बोलत होती. आजूबाजूचे लोक आपल्या मुलाखती सोडून ऐकत होते. आईनं एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी मुलीचा आवाज बसला. तेव्हा आईनं विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"वहिनीची? बरी हाय. मी पाहून आली. तुही आठवण नाई काढत थे."

आई तिथंच जाळीला डोकं लावून रडली. आत आल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. मुलगी उठताना म्हणाली, "पुढच्या गुरुवारी येतो. औषध घेजो." त्या दुपारी बुढीनं ताट रिकामं केलं आणि दारूवालीजवळ जाऊन विचारलं, "माहा साबण हाय का सरला?"

तिथून सगळं सरळ झालं असं नाही. मधे दोन वेळा ती पुन्हा गप्प झाली. एकदा सुनेच्या वर्षश्राद्धाला, एकदा मुलाचाही जामीन फेटाळला गेला तेव्हा. पण आता आम्हाला कळत होतं कधी जवळ बसायचं. मी रोज विचारायची, ती रोज उद्याचं सांगायची. मग एक दिवस म्हणाली, "आता रोज रोज इचारू नका, मले कंटाळा आला तुमचा."

नव्या येणाऱ्या बायकांचे फॉर्म मी विचारून भरायला लागले. दीड तासाचं काम चार दिवस चालायचं. साहेबांनी दोनदा विचारलं, एवढा उशीर का. बऱ्याच जणींच्या पुढं 'हो' पडायला लागला, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्यामुळं आपले आकडे बिघडतात."

मला मेमोही मिळाला. बंदीच्या नातेवाइकाची परस्पर भेट घेतल्याबद्दल खुलासा करा. मी एका ओळीत खुलासा केला: होय, गेले होते, पडताळणी झाली असती तर जावं लागलं नसतं. त्यावर सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा आला. त्याच वर्षी वरून एक समिती पाहणीला आली. साहेबांनी तिला सूर्यफूल दाखवलं, पोत्यातल्या वस्तूंची यादी दाखवली, वक्त्यांचे फोटो दाखवले, आणि महिला विभागात एकही अप्रिय घटना नाही म्हणून प्रशस्तिपत्र घेतलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. न वाजवणाऱ्यांची नावं लिहून घेतात. दारूवाली त्या दिवशी मागच्या आवारात पाहुण्यांच्या जेवणाची भांडी घासत होती.

बुढी त्या पहिल्या मुलाखतीनंतर अकरा महिन्यांनी जामिनावर सुटली. मुलगी न्यायला आली होती. दारात बुढीनं मला नमस्कार केला नाही, आभारही मानले नाहीत. दारूवालीसाठी मात्र आत निरोप ठेवून गेली, की बाहेर आली की घरी येजो, पण धंदा घेऊन येऊ नको.

त्यानंतर एकदाच मी तिला पाहिलं. आर्वीच्या बसस्थानकावर, मी साध्या साडीत. माय-लेकी तारखेला निघाल्या होत्या; खटला अजून चालूच होता. औषधाची पिशवी घरी कोण विसरलं यावरून दोघींचं जोरात भांडण चाललं होतं. लेक म्हणत होती, "तुले काई ध्यानातच राहत नाई." माय म्हणत होती, "तूच ओट्यावर ठेवलीन." माझ्याकडं तिची नजर गेली. ओळखलं की नाही, कळलं नाही. ती पुन्हा लेकीकडं वळून भांडायला लागली, आणि गाडी लागल्यावर दोघी भांडतच चढल्या.